शंकररावांच्या टाकीचं तोंड

शंकरराव ओव्हाळ यांनी स्वतःच्या घराची पाण्याची टाकी स्वतः डिझाइन करायचं ठरवलं, त्याला कारण झाली शेजारच्या गच्चीवरची एक काळी प्लॅस्टिकची टाकी.

ताईबाईंनी, म्हणजे शंकररावांच्या पत्नीने, ती बघितली आणि सकाळच्या चहाबरोबर सहज म्हणाल्या, "आपून बी तसली एक काळी टाकी आणू. टेम्पोवाला वर नेऊन ठिवतो म्हनं."

शंकररावांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा शिल्लक असताना कप खाली ठेवणं ही त्यांच्या संतापाची शेवटची पायरी होती. तिच्यापुढे ते कधी गेले नव्हते.

"अगं, ती टाकी नव्हे. तो डबा आहे," ते म्हणाले.

त्यांचा संताप समजून घ्यायला हवा. शंकरराव पाणीपुरवठ्याच्या सरकारी कचेरीतून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. आरेखक म्हणजे ड्रॉइंग काढणारा. आता सरकारी ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते आणि तिच्यात तीन रकाने असतात: डिझाइन कोणी केलं, काढलं कोणी आणि तपासलं कोणी. शंकररावांची सही आयुष्यभर मधल्या रकान्यात राहिली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कितीतरी टाक्या त्यांच्या पेन्सिलीखालून गेल्या, पण पहिल्या रकान्यात सही करणारे साहेब निराळे आणि तिसऱ्या रकान्यात सही करणारे त्याहून निराळे. एस.टी.तून जाताना खिडकीतून एखादी उंच टाकी दिसली की शंकरराव मान वर करून म्हणायचे, "ही आपली."

ताईबाई वाकून बघायच्या. "गळतीय की ती."

"गळती साहेबांची आहे. रेषा माझ्या आहेत. ड्रॉइंगमधली एक रेषा वाकडी दाखव."

तर मरायच्या आधी एका तरी टाकीच्या ड्रॉइंगवर पहिल्या रकान्यात आपली सही असावी, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. कुणी काशीला जातं, कुणी गाडी घेतं. शंकररावांना डिझाइन करायचं होतं. आणि प्लॅस्टिकच्या टाकीत डिझाइन करण्यासारखं काय असतं? दुकानातून उचलायची, गच्चीवर ठेवायची. तिला खडी लागत नाही, सळई लागत नाही, सहीसुद्धा लागत नाही.

त्याच दिवशी दुपारी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड खाली आला.

पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात टाकी आजच्या लोकांसाठी बांधत नाहीत. तीस वर्षांनी गाव केवढं होईल याचा हिशेब मांडतात आणि मग टाकीचं माप ठरवतात. शंकररावांनी हाच न्याय घराला लावला.

"घरात आता माणसं किती?" त्यांनी ताईबाईंना विचारलं.

"तुम्हाला ठावं न्हाई व्हय? तुम्ही, मी आन् करुणा. करुणाचं लगीन झालं की तुम्ही आन् मी."

"आणि सम्राट?"

"त्यो पुण्यात ऱ्हातो. त्याच्या नळाचं त्यो बघंल."

"येईल की परत. बायको येईल, मुलं होतील."

"आवं, त्याला आजून पोरगी बघायचीय!"

"तेच. त्याला भविष्यकालीन वाढ म्हणतात," असं म्हणून शंकररावांनी न पाहिलेल्या सुनेच्या नावे रोजच्या पाण्याची तरतूद केली. तिच्या मुलांनाही प्रत्येकी दिली. मग राहिली तरंगती लोकसंख्या. गावाच्या बाबतीत तरंगती लोकसंख्या म्हणजे जत्रेला, बाजाराला येऊन जाणारी माणसं. घराच्या बाबतीत शंकररावांनी त्या सदरात ताईबाईंच्या माहेरची माणसं धरली आणि आकडा जरा सढळ हाताने लिहिला. शेवटी आग विझवण्यासाठी राखीव साठा. एवढं झाल्यावर टाकीचं जे माप निघालं, ते वडगाव रासाईच्या एखाद्या वस्तीला पुरलं असतं.

ती गच्चीवर ठेवणं शक्य नव्हतं. खालचं घर त्या वजनाने बसलं असतं. म्हणून परसात चार खांबांवर, घराच्या उंचीची, स्वतंत्र टाकी. लहान गावाला असते तशीच.

आता डिझाइनचं एक मर्म सांगायला हवं. इमारत पडू नये म्हणून डिझाइन करतात. टाकीला तेवढं पुरत नाही. टाकीला तडासुद्धा जाता कामा नये, केसाएवढासुद्धा. कारण इमारतीला तडा गेला तर त्यात चुना भरता येतो, टाकीचं मात्र सगळं गुपित त्या तड्यातून बाहेर येतं. म्हणून टाकीत सळई जास्त घालतात, सिमेंट जास्त घालतात आणि तरीही भीत राहतात. शंकरराव मुळात भित्रे. त्यामुळे टाकीच्या डिझाइनला त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. पुस्तक जिथे एक सळई सांगे, तिथे ते दोन घालीत. पहिली उगाच एकटी पडू नये म्हणून.

टाकीच्या माथ्यावरच्या स्लॅबला आत उतरायला एक तोंड ठेवतात. शंकररावांनी ते चांगलं ऐसपैस, चौकोनी काढलं होतं. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे होतं. मग त्यांनी ड्रॉइंग लांबून न्याहाळायला ओसरीवर टांगलं आणि शेजारी ते बघायला आले.

पहिले आले सोपानराव. हे एस.टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारे वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे साधी चौकशीही ते दहा फलाटांना ऐकू जाईल अशी करीत.

"शंकरराव! हे भोक कशाचं?"

"तोंड आहे टाकीचं. आत उतरायला."

"केवढं हे! मांजर पडेल. एका स्टँडच्या टाकीत मांजर पडलं होतं. आठवडाभर कळलं नाही. उलट कॅन्टीनच्या चहाला चव आली म्हणून ड्रायव्हर लोक दोन-दोन कप प्यायले!"

शंकररावांना मांजराचा मुद्दा पटला. त्यांनी खोडरबर घेतलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्यातल्या साखरबाई आल्या. "भाऊजी, त्ये भोक जरा आवळा. आमचा नातू कुठंबी चढतो. काल बंबावर चढला हुता." नातवाचा मुद्दा तर मांजराहून मोठा. तोंड आणखी आवळलं.

मग साखरबाईंचे यजमान सर्जेराव आले. वडगाव रासाईला बारमाही ऊस, शिरूरला बंगला, शिवाय स्लॅबच्या सेंट्रिंगचा, म्हणजे लोखंडी प्लेटा आणि लाकडी बल्ल्या भाड्याने देण्याचा जोडधंदा. सर्जेराव ड्रॉइंगपुढे मांडी घालून बसले आणि गंभीर झाले.

"ह्यातनं कुणी इष टाकलं मंजी?"

"विष? कोण टाकील?"

"वैरी."

"सर्जेराव, मला कोणी वैरी नाही."

"आसं म्हणू नगा," सर्जेराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "कुणाला न्हाई वैरी? माणूस चांगला आसंल तर चार-दोन आसत्यातच. आमच्या सोसायटीच्या इलेक्शननंतर माझ्या हिरीत कुणीतरी अख्खं रॉकेलचं टिपाड वतलं."

आपल्याला एकही वैरी नाही या जाणिवेने शंकरराव थोडे खजील झाले आणि त्यांनी तोंड पुन्हा कमी केलं.

खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही ते आवडत चाललं होतं. स्लॅबला भोक पाडलं की त्याच्या कोपऱ्यांवर ताण येतो आणि तिथून तडा जायला बघतो. भोक जेवढं लहान, तेवढं ड्रॉइंग देखणं. शेवटी सोपानरावांनी निकाल दिला. "बादली आत गेली म्हणजे झालं! बस्स!" त्याप्रमाणे शंकररावांनी ताईबाईंची बादली कागदावर पालथी घालून वर्तुळ काढलं. चौकोनाचे कोपरेच गेले, त्यामुळे ताणही गेला. असं गोल, घोटीव, लहानसं तोंड तालुक्यात कुठल्याच टाकीला नव्हतं.

"आन् आत उतरून धुवायची कशी?" ताईबाईंनी विचारलं.

"बारीक माणूस बघू," शंकरराव म्हणाले.

डिझाइन झालं, काढून झालं. पण तिसरा रकाना रिकामा राहिला होता. तपासणीशिवाय टाकी बांधणं शंकररावांच्या रक्तात नव्हतं. ते ड्रॉइंगची गुंडाळी पत्र्याच्या नळीत घालून एस.टी.ने दौंडला गेले. तिथे त्यांचे जुने उपअभियंता निघोजकर साहेब निवृत्तीनंतर राहत होते. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. ड्रॉइंग दिसताच त्यांच्या अंगात जुनं वारं आलं. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून लाल पेन्सिल काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण लाल पेन्सिल खिशात होती.

निघोजकर साहेबांची तपासण्याची एक पद्धत होती. ते टाकी तपासत नसत, ड्रॉइंग तपासत असत.

"ओव्हाळ, उत्तर दिशा कुठे आहे?"

"साहेब, घरच्या टाकीला उत्तर दिशा..."

"टाकीला नको असेल. ड्रॉइंगला लागते. बाण दाखवा."

शंकररावांनी तिथेच बसून बाण दाखवला. साहेबांनी तो सूर्याकडे बघून पडताळला आणि तिसऱ्या रकान्यात सही केली. चहा झाला. परतीच्या गाडीत शंकररावांनी गुंडाळी तीनदा उलगडून पाहिली. पहिल्या रकान्यात त्यांची सही होती, आणि ती साहेबांच्या सहीपेक्षा वर होती.

बांधकाम सुरू झालं. सावळाराम मिस्त्री जुना आणि मुरलेला. त्याने पहिल्या दिवशी नारळ मागितला.

"आमच्यात नारळ फोडत नाहीत," शंकरराव म्हणाले. बुद्धवंदना झाली आणि सगळ्यांना पेढे मिळाले. सावळारामने दोन खाल्ले आणि पाया खणायला घेतला.

शंकरराव छत्री घेऊन खुर्चीवर बसत. खडी धुऊन घेतली, वाळू चाळून घेतली, पाणी मापून घेतलं. ताईबाई पाहुण्यांना सांगत, "घरात तांदूळ कदी निवडला न्हाई ह्या माणसानं. हिथं खडी निवडत्यात." भिंतींची सळई बांधून झाली तेव्हा सावळाराम पिंजऱ्यात डोकावून म्हणाला, "साहेब, सळईच येवढी हाय, काँक्रीट कुठनं घुसवू?"

"ड्रॉइंगप्रमाणे," शंकरराव म्हणाले.

सावळारामने मग विचारणंच सोडलं. सही दोन-दोन साहेबांची आहे, कायतरी इचार केलाच आसंल, असं तो गड्यांना सांगायचा.

प्लेटा आणि बल्ल्या अर्थातच सर्जेरावांच्या. "शेजाऱ्याकडनं काय भाडं घ्यायचं?" असं म्हणून त्यांनी चांगल्या नव्या प्लेटा दिल्या. अट एकच. त्यांची मुलगी सायली दौंडकडे खुटबावला दिलेली. तिच्या सासऱ्यांच्या बंगल्याचं बांधकाम चाललं होतं आणि स्लॅबचा दिवस जवळ आला होता. त्याआधी प्लेटा मोकळ्या पाहिजेत. व्याह्यांना शब्द दिलेला.

भिंती झाल्या. आतल्या प्लेटा वरून काढल्या, कारण टाकीला अजून माथा नव्हता. मग त्याच प्लेटा आत बल्ल्यांवर छतासारख्या पसरल्या, त्यावर सळई बांधली, मध्ये ताईबाईंची बादली तोंडासाठी उभी केली आणि स्लॅब ओतला. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरलं. शंकरराव रोज शिडी चढून वाफे बघत, जसं काही तिथे मेथी पेरली आहे.

स्लॅब पक्का झाला. आतल्या प्लेटा काढायचा दिवस उजाडला.

सावळाराम शिडीने वर गेला. तोंडातून आत डोकावला. मग तो खाली आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, च्या टाका."

"आत्ता तर वर गेलात," ताईबाई म्हणाल्या.

"टाका तर खरं."

चहा पिऊन झाल्यावर त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "साहेब, एक इचारू? ह्या प्लेटा भाईर कुठनं काढायच्या?"

शंकरराव हसले. "कुठून म्हणजे? तोंडा..." आणि ते वाक्य तिथेच राहिलं. अजूनही तिथेच आहे.

प्लेट म्हणजे तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद लोखंडी पत्रा. तोंड बादलीएवढं. हे कळायला शास्त्र लागत नाही, पण शास्त्राने ते कळू दिलं नव्हतं. कारण ड्रॉइंगमध्ये प्लेटा दाखवत नाहीत. ड्रॉइंगमध्ये टाकी आपोआप उभी राहिलेली असते. सगळ्या नोकरीत शंकररावांनी टाकीची सळई न् सळई काढली होती, पण एक प्लेट किंवा एक बल्ली कधी काढली नव्हती. ती दुसऱ्या कुणाची तरी काळजी असते. इथे दुसरं कुणी नव्हतं.

बारीक माणूस आता खरोखरच लागला. म्हस्कू हा सेंट्रिंगवरचा गडी शिरूरमधला सर्वांत सडपातळ इसम होता. त्याला अंगाला तेल लावून, हात वर करायला लावून आत सोडलं. खांद्यापाशी तो जरा अडकला, तेव्हा सोपानराव खालून ओरडले, "श्वास सोड! श्वास सोडून गाडी मागे घे!"

म्हस्कूने आत बल्ल्या ठोकून सैल केल्या. एकेक बल्ली तोंडातून सरळ वर आली. पहिली आली तेव्हा कॉलनीत टाळ्या पडल्या. सगळ्या बल्ल्या आल्या. शंकररावांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. मग आत प्लेटा खाली पडल्याचा दणदणाट झाला, आणि तोंडाशी एका प्लेटेचा कोपरा दिसला. कोपराच दिसत राहिला.

"आडवी फिरव!" सर्जेराव ओरडले.

"आडवीच हाय," टाकीतून घुमणारा आवाज आला.

"मग उभी फिरव!"

"उभी केली तर मला जागा न्हाई."

"तिरकी घे!" सोपानराव.

"आवं, तिरकी, उलटी, पालथी, समदी करून बघितली. मला आदी भाईर काढा, मग बोला!"

म्हस्कूला बाहेर काढायला आत घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण आत तो घाबरून फुगला होता.

कॉलनीत चर्चा सुरू झाली. साखरबाई हळूच म्हणाल्या, "नारळ फोडला आसता तर..."

"नारळ फोडला आसता तर भोक मोठं झालं आसतं व्हय, साखरबाई?" ताईबाईंनी तिथल्या तिथे विचारलं. "भोक तर तुमच्या नातवापायी ल्हान झालंया."

"माझ्या नातवाचं नाव घेऊ नगा. मांजरापायी झालंया!"

"मांजर मी फक्त उदाहरणादाखल दिलं होतं!" सोपानरावांनी जाहीर केलं.

वैऱ्याचा मुद्दा सर्जेरावांनी काढला नाही. त्यांना आता प्रत्यक्ष वैरी सापडला होता.

कारण खुटबावहून फोन यायला लागले होते. व्याही एवढंच विचारीत, "प्लेटा निघाल्या का?"

"निघत्यात, निघत्यात," सर्जेराव सांगत. ते खोटं नव्हतं, पण खरं म्हणण्यासारखंही नव्हतं. शेवटी सायलीचा फोन आला. ती रडकुंडीला आली होती. "दादा, सासूबाई चार बायकांत म्हनल्या, हिच्या बापाच्या प्लेटा काय रुसून बसल्यात का! मला लाज वाटती ओ."

सर्जेरावांनी फोन ठेवला, पायात चपला न घालता रस्ता ओलांडला आणि शंकररावांपुढे उभे राहिले.

"टाकी फोडायची."

शंकररावांनी सरळ सांगितलं, "प्लेटा गॅस कटरने कापू. मी नव्या आणून देतो."

"माझ्या प्लेटांना गॅस लावणार? त्यापरीस मला लावा. आन् नव्या कवा येनार? व्याह्याचा स्लॅब परवा हाय, परवा!"

"सर्जेराव, ते डिझाइन आहे."

"डिझाइन तुमचं, प्लेटा माझ्या, आन् लेक बी माझी!"

मुलगी त्यांनाही होती. ते आत गेले आणि सेट स्क्वेअर, खडू घेऊन बाहेर आले. स्लॅबवर चढून, कोणती सळई कुठून गेली आहे ते आठवत, कमीत कमी सळया तुटाव्यात अशा बेताने त्यांनी एक चौकोन आखायला घेतला. काटकोन तपासला. एक बाजू पुसून पुन्हा आखली.

"रांगोळी झाली आसंल तर हाणू का?" सर्जेराव खालून ओरडले.

सावळारामने छिन्नी लावली आणि घण घातला. शंकररावांनी डोळे मिटले. टण्ण असा आवाज झाला, देवळातल्या घंटेसारखा. डोळे उघडले तर स्लॅबवर पांढरा ठिपका उमटला होता आणि छिन्नीचं टोक वळलं होतं.

दुसरी छिन्नी आणली. तीही वळली. सावळारामने गडी बदलला, मग गड्याने घण बदलला. दुपारपर्यंत स्लॅबवर कांजिण्या आल्यासारखे ठिपके झाले, बाकी काही नाही. शंकरराव शिडीपाशी उभे होते. आपली टाकी फोडली जात असताना माणसाने दुःखी दिसावं अशी अपेक्षा असते आणि ते दुःखी होतेही. पण प्रत्येक घाव उलटा आला की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. चेहरा पडलेला ठेवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"काय घातलंय ह्यात?" सावळारामने घाम पुसत विचारलं.

"ड्रॉइंगप्रमाणे," शंकरराव हलक्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी रांजणगावच्या एका साइटवरून कॉम्प्रेसर आणि काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागवला. बरोबर मशीन चालवणारा बिहारी मजूर. मशीनचा आवाज ऐकून अर्धं शिरूर गोळा झालं. त्यात एका पतसंस्थेचे चेअरमन कोंडिबाआप्पाही होते. त्यांच्या पतसंस्थेची मागची भिंत महिन्याभरापूर्वी चोरांनी साध्या पहारीने पाडली होती. आत त्यांना काही सापडलं नाही, कारण आत काही नव्हतं. पण भिंत अशी चटकन पडली, ही गोष्ट ठेवीदारांच्या फार मनाला लागली होती. आप्पा ओसरीवरच्या बाकावर बसले, म्हणजे बाकावर दुसऱ्या कुणाला जागा राहिली नाही, आणि एकटक टाकीकडे बघत राहिले.

दुपारी ब्रेकरचं पातं तुटलं. मजूर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "साहब, ये टंकी है कि किला? किसका घर है ये?"

कोंडिबाआप्पांनी तेवढ्यात विचारलं, "डिझाइन कुणी केलं हो हे?"

"ह्यांनी!" सर्जेरावांनी शंकररावांकडे बोट रोखून, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं सांगितलं. "ह्यांनीच! दुसरा कोण करंल आसलं? येकट्यानं केलंय, ह्या माणसानं!"

गर्दीने मागे वळून शंकररावांकडे बघितलं. ही शिवी होती हे शंकररावांना कळत होतं. तरी त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

दुसरं पातं आलं. दिवस मावळायच्या सुमाराला चौकोन फुटला. सळया कापल्या, प्लेटा एकेक वर आल्या आणि थेट टेम्पोत गेल्या. सर्जेराव टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः खुटबावला गेले. रात्री तिथे प्लेटा लागल्या आणि स्लॅब ठरल्या दिवशी ओतला गेला. व्याह्यांनी सर्जेरावांना फेटा बांधला, आणि परत आल्यावर सर्जेरावांनी तो बरेच दिवस सोडला नाही. मात्र शंकररावांकडे बघताना ते फेटा जरा डोळ्यांवर ओढून घेत.

शंकररावांनी फुटलेल्या तोंडाच्या कडा घासून सारख्या केल्या, लोखंडी झाकण बसवलं आणि टाकी काठोकाठ भरून गळती तपासायला ठेवली. ही तपासणी मात्र बघायला कुणी आलं नाही. गळणारी टाकी बघायला गाव लोटतं. न गळणाऱ्या टाकीत बघण्यासारखं काय असतं? सोपानराव रस्त्यावरून जाताना "काय, डबा बरा होता ना!" असं दहा फलाटांना ऐकवून गेले. मुलं टाकीला 'सर्जेरावांची तिजोरी' म्हणायला लागली. शंकरराव घराबाहेर पडेनासे झाले. दुधाला ताईबाई जायच्या.

एका सकाळी ताईबाई टाकीखाली गेल्या. चारी बाजूंनी फिरल्या, शिडी चढून भिंतीला तळहात लावून पाहिला, खालून तळाला लावला. मग पदराला हात पुसायला गेल्या आणि थांबल्या. पुसण्यासारखं काही नव्हतं.

आत येऊन त्यांनी शंकररावांपुढे तो कोरडा तळहात धरला. "थेंब न्हाई," त्या म्हणाल्या. "समद्या तालुक्यात आशी येक दावा." आणि चहा टाकायला निघून गेल्या. शंकररावांना नोकरीत तीन प्रशस्तिपत्रकं मिळाली होती. त्यांतल्या एकात एवढा मजकूर नव्हता.

त्याच चहाच्या वेळी दारात कोंडिबाआप्पा उभे राहिले. मागोमाग सोपानराव आले, कारण चेअरमन कुणाकडे जातो आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सर्जेरावही आले, फेट्यासकट.

आप्पा बसले, रुमालाने मान पुसली आणि मुद्द्यावर आले. "शंकरराव, पतसंस्थेला स्ट्राँगरूम बांधायचीय. परवा मीटिंगमधी ठराव झाला. मी म्हणलं, इंजिनेर पुण्याचा नको, मुंबैचा नको. दोन दिवस घण आन् ब्रेकर लावून बी जिची कड निघंना, तसली टाकी काढणारा माणूस हितंच, आपल्या शिरूरमधी बसलाय. डिझाइन तुम्हीच करायचं. येकटं तुम्ही. हाय का तयारी?"

शंकररावांनी ताईबाईंकडे पाहिलं. ताईबाईंनी त्यांच्या वतीने मान हलवली.

"पण दार मात्र लहान ठेवा!" सोपानराव गरजले. "दार मोठं, म्हणजे चोराला रस्ता!"

"आन् खाली वाकून जावं लागंल आसं," सर्जेराव म्हणाले. "वैरी वाकला की त्याचं डोकं..."

"उंदराचाही विचार करा! उंदीर नोटा खातात!"

आप्पा मान डोलवू लागले होते. "बरोबर हाय. मंजी किती बारीक ठेवावं दार?"

शंकरराव उठले. कप त्यांनी खाली ठेवला नाही. आधी शेवटच्या घोटापर्यंत चहा पिऊन टाकला.

"सोपानराव, सर्जेराव, तुम्ही चहा घ्या," ते म्हणाले, आणि त्या वाक्यात आजवर कधी नव्हता असा एक काँक्रीटचा कणखरपणा होता. "आप्पा, काम करतो. पण रेघ मारायच्या आधी मला एक माप लागेल. तुमच्या संचालक मंडळात सगळ्यात जाड कोण आहे?"

आप्पांनी जरा विचार केला. मंडळातली एकेक माणसं डोळ्यांपुढे आणली आणि बाजूला सारली. मग त्यांनी सावकाश खाली, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. बाकाचा आधार घेऊन ते उभे राहिले, धोतराचा सोगा बाजूला केला आणि दोन्ही हात वर केले.

"घ्या," ते म्हणाले.

शंकररावांनी टेप काढला. एकट्याच्या कवेत ते माप येईना, म्हणून दुसरं टोक ताईबाईंनी धरलं.